समुद्रशेवाळ घेऊन बोदलकशाला

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "तिकडे वाघ दिसला का?" नाही दिसला. वाघाला मी दिसले असेन, तर त्यानं तसं काही कळवलं नाही. भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, गोंदियाच्या आसपास, मी फाल्गुनाचा बहुतेक महिना काढला. आणि पाहिलं काय म्हणाल, तर तलाव, भाताची शेतं, पळस आणि भाजीचं एक पातेलं. त्यातलं पातेलं सर्वांत महत्त्वाचं. ज्यांना वाघच हवा असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी मूळची रत्नागिरीकडची. मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात समुद्रशेवाळाच्या मागे असते. ओहोटीला खडक उघडे पडले की तीन तऱ्हांचं शेवाळ हाती लागतं. एक हिरवं, पातळ, कोबीच्या कोवळ्या पानासारखं. दुसरं तपकिरी, अंगावर बारीक फुगे असलेलं. तिसरं तांबडं, विंचरायचं राहून गेलेल्या केसांच्या गुंत्यासारखं. हे सुकवायचं, कुटायचं आणि ईथरमध्ये भिजवून त्यातला स्निग्धांश, म्हणजे तेलाचा भाग, उतरवून घ्यायचा, हा माझा उद्योग. तेल निघतं फार थोडं. तांबडं तर अगदीच कंजूष. हिरवं आणि तपकिरी त्यामानानं उदार. पण ईथर उडून गेल्यावर बशीच्या तळाशी जो तेलकट थर राहतो त्याचा रंग पाहण्यासारखा असतो. हिरव्याच्या आड गाजरासारखा पिवळा रंग लपलेला असतो, आणि तो पिवळा रंग तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. त्याच रंगापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ते कमी पडलं की दिवेलागणीनंतर माणसाला दिसेनासं होतं.

एवढं सगळं त्यात असून कोकणात ते कोणी तोंडात घालत नाही. आम्ही ते माडाच्या आळ्यात खत म्हणून टाकतो. आई म्हणते, "माडानं ते खावं आणि आपण नारळ खावा, देवानं लावून दिलेला क्रम कशाला मोडायचा?"

माझा थोरला भाऊ पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहे आणि सध्या त्याची नेमणूक बोदलकशाच्या तलावावर आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा माझ्या बरण्या पाहून म्हणाला, "आमच्या तलावात एवढं शेवाळ आहे की तुझं कॉलेज त्यात बुडेल." मला आव्हान दिलेलं खपत नाही. तलावातलं शेवाळ आणि समुद्रातलं शेवाळ यांची तुलना करायचीच, असं ठरवून मी रजा घेतली, दोन मोठ्या डब्यांत सुकवलेलं हिरवं शेवाळ भरलं आणि निघाले.

तिरोडा

नागपूरच्या पुढे गाडीत एका डब्याचं झाकण सैल झालं. समोर बसलेल्या व्यापाऱ्यानं नाक वर करून हवा हुंगली, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि आपली वळकटी उचलून तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. सुकट नाही हो, शेवाळ आहे, असं मी मोठ्यानं सांगितलं. त्यामुळे उरलेले दोघेही उठले. मला पाय पसरून झोपायला आख्खं बाकडं मिळालं, तेव्हा तक्रार कशाला करू?

तिरोड्याला उतरले तर दादानं बैलगाडी पाठवली होती. तिला इकडे खासर म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, लांबवर पसरलेले. आमच्याकडे भात कापलं की जमीन पुढच्या पावसापर्यंत उताणी पडून राहते. इथे भात उभं असतानाच त्याच्या पायाशी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, आणि जवस यांचं बी फेकून ठेवतात. भात घरी जातं आणि त्याच ओलीवर दुसरं पीक उभं राहतं. मला ही हुशारी फार आवडली. गाडीवानाला मात्र माझ्या डब्यांचीच चिंता.

"बाई, डब्ब्यात का आहे जी?"

"समुद्रातलं शेवाळ."

त्यानं बैलांना हाकललं, थोडा विचार केला आणि मागे वळून म्हणाला, "इतक्या दुरून शेवार आनला? आमच्या तलावात का कमी होता?"

बोदलकसा

तलाव पाहून मी गप्प झाले, आणि हे सहसा घडत नाही. तिन्ही बाजूंना झाडीनं भरलेल्या टेकड्या, चौथ्या बाजूला मातीचं धरण आणि मधे एवढं पाणी की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसावा. समुद्राला आवाज असतो. इथे पाणी एवढं शांत की ढीवरांच्या, म्हणजे इथल्या कोळ्यांच्या, डोंगीचं वल्हं पाण्यातून वर आलेलं ऐकू येतं. पहिल्याच सकाळी एका ढीवराच्या डोंगीत बसून मी पाण्यातलं शेवाळ पोतंभर काढलं, दादाच्या क्वार्टरच्या अंगणात ते वाळत घातलं आणि आंघोळीला गेले. परत येते तो गावातल्या शेळ्यांनी माझ्या शास्त्राचा फडशा पाडलेला. दुसऱ्यांदा छपरावर घातलं.

दादा एकटा राहतो. त्याचं जेवण शेजारच्या कौसल्याबाईंकडून येतं. कौसल्याबाई म्हणजे पन्नाशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. घरची भाताची शेती, दोन मुलगे, दोन सुना. थोरल्या सुनेला तीन मुलं, आणि धाकटी सून यमुना पहिलटकरीण, सातवा महिना चालू. मी बाईमाणूस, त्यामुळे माझं पान त्यांच्याच ओसरीवर पडू लागलं. इथल्या बायका स्वतःविषयी "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. कौसल्याबाईंच्या तोंडी तर ते असं शोभतं की मीही दोन दिवसांत तसंच बोलू लागले आणि दादा हसून बेजार झाला.

जेवण म्हणजे भात, लाखोरीची डाळ आणि लाखोरीच्याच कोवळ्या शेंड्यांची भाजी. भाजी नुसती उकडलेली, वर मीठ-मिरची. मला वाटलं इथली रीतच ही. मग दारावरचा कडुनिंबाचा डहाळा दिसला आणि उलगडा झाला. थोरलीच्या मुलांना कांजिण्या निघाल्या होत्या. एकाच्या सुकतात न सुकतात तोच दुसऱ्याला, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला. घरात माता येऊन महिना उलटला होता. माता घरात असली की फोडणी द्यायची नाही, हा नियम आमच्याकडेही आहे. माझ्या लहानपणी मला कांजिण्या आल्या तेव्हा आईनंही कढई टांगून ठेवली होती. त्यामुळे मी मुकाट्यानं जेवले.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. यमुना पाण्याचा लोटा घेऊन आली. मी तेवढ्यात बाजूला सरकले होते. तिनं लोटा खांबापुढे धरला आणि "घ्या जी बाई" म्हणाली. मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. मी हसले. माझं हसणं भलत्याच बाजूनं आलं म्हणून ती दचकली, लोटा हातातून सुटला आणि ती भिंत चाचपत जागच्या जागी खाली बसली.

"रातोंधी लागली तिले," कौसल्याबाई आतून म्हणाल्या. "दिवस बुडला का काईच दिसत नाही. परवा चुलीत हात घालत होती. म्या सांगून ठेवलं आहे, लेकरू झालं का रातचं माझ्यापाशी राहीन. हिच्या हाती द्याचं नाही."

त्यात दुष्टपणा नव्हता. अंधारात तान्ह्या मुलाला न दिसणाऱ्या आईच्या हाती कोण देईल? मीही दिलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर यमुना मला एकटी भेटली. बादली ओढता ओढता ती थांबली.

"बाई, तुमी शिकलेल्या आहा. दिवसाचं लेकरू माझं अन् रातचं मामीचं, असं होते का कुठं?" इकडे सुना सासूला मामी म्हणतात. "रातचं रडन तं मी का करू? आयकतच बसू?"

मला तिच्यापुढे उभं राहवेना. पण दुःख करत बसणं माझ्या स्वभावात नाही. उपाय तर माझ्याच डब्यात होता. मी तडक कौसल्याबाईंकडे गेले आणि समुद्रशेवाळाचे गुण त्यांना असे काही ऐकवले की कॉलेजातली पोरं उभी राहिली असती.

कौसल्याबाईंनी डब्यात नाक घातलं आणि बाहेर काढलं. "तुमच्या गावात कोन खाते हे?"

"कोणी नाही."

"मंग आमाले काऊन खाऊ घालता?"

"आमच्याकडचे लोक मूर्ख आहेत म्हणून," मी म्हटलं. या उत्तरानं त्या खूश झाल्या. परक्या गावचे लोक मूर्ख आहेत हे ऐकायला कोणाला आवडत नाही? त्यांनी शेवाळ ठेवून घेतलं, रोज मूठभर भिजवून लाखोरीच्या भाजीत उकडू लागल्या आणि यमुनेच्या पानात वाढू लागल्या. पोरीनं पहिल्या घासाला डोळे मिटले. खारट, आणि चावताना करकर. पण तिनं पान चाटूनपुसून साफ केलं, आणि रोज केलं. मी रोज संध्याकाळी तिच्यापुढे हात धरायची आणि विचारायची, "बोटं किती?" ती बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी आकडा सांगायची. तो रोज चुकायचा.

आठवडा गेला. माझ्या शास्त्राची खात्री कमी झाली नाही, चीड मात्र वाढली. जे घडायलाच हवं ते घडत का नाही?

त्याचं उत्तर मिळालं ते तलावाच्या काठी. कौसल्याबाई जेवणाची भांडी घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांना हातभार लावायला गेले. राखेची टोपली शोधली तर टोपलीच नव्हती. त्यांनी भाजीचं पातेलं पाण्यात बुचकळलं, हात फिरवला, उलटं ठेवलं. झालं. मी पातेल्यात बोट फिरवलं, काचेसारखं कोरडं.

"राख नाही लागत?"

"फोडनीच नाही तं राख कायले लागते? माता बसली तवापासून तेल नाही का तूप नाही. गाय बी आटली."

मी तिथेच कपाळावर हात मारला. आयुष्याची एवढी वर्षं मी बशीच्या तळाशी राहिलेल्या तेलकट थरात रंग पाहण्यात घालवली, आणि पोरीच्या पोटात तो रंग पोचायला तेल हवं हे मला सुचू नये! शेवाळात स्वतःचा स्निग्धांश आहे खरा, पण तो मूठभरात नखाएवढाही नाही. लाखोरीची हिरवी पानं ती महिनाभर ढिगानं खात होती. समुद्राचं आणि शेताचं सगळं धन तिच्या पोटातून आल्या पावली परत जात होतं, कारण त्याला बसायला तेलाचा पाट मिळत नव्हता.

"कौसल्याबाई, आजपासून यमुनेच्या भाजीला फोडणी द्या."

"नाही."

"एकटीच्या भाजीला. दादाच्या चुलीवर मी करते."

"नाही म्हन्लं ना. सून माझी, माता माझ्या घरात. त्या घरचं तेल हिच्या पोटात गेलं तं ते बी माझ्याच घरात आलं. लहान्याच्या अंगावर अजून ओल्या आहेत."

धुतलेली भांडी टोपलीत रचत यमुना मागेच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. जावेच्या पोरांना काही झालं तर ते आपल्या डोळ्यांपायी झालं, हे ओझं तिला नको होतं. मी भांडले. खूप भांडले. माता घरात असली की भांडायचं नसतं, हेही मला सुनावण्यात आलं. शेवटी मी दमून खाली बसले आणि चिडूनच विचारलं, "तुमच्या मातेला नेमकं खटकतं काय? तेल की फोडणी?"

कौसल्याबाईंनी पातेलं हातात धरून विचार केला. "चर्र होते ते. तापल्या तेलाची वाफ लागते, तिच्या अंगाची आग होते."

"मग तेल तापवलंच नाही तर? घाण्याचं कच्चं तेल, चुलीवरून उतरलेल्या भाजीवर नुसतं सोडायचं. चर्र नाही, वाफ नाही."

त्यांनी हातातलं पातेलं उलटं ठेवलं. मग म्हणाल्या, "असं कोनी केलं नाही आजवर. विचारून पायतो."

विचारायचं ते मातामायला. गावाबाहेर कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला दगड, तीच मातामाय. कौल लावण्याची रीत थेट आमच्यासारखी निघाली. आमच्याकडे देवाला पाकळ्या लावतात, इथे कौसल्याबाईंनी पळसाची दोन फुलं पाण्यानं ओली करून दगडाच्या दोन अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि मी, रसायनशास्त्राची मास्तरीण, त्या उजव्या फुलाकडे असा जीव लावून पाहत होते की ईथरच्या बशीकडेही कधी पाहिलं नसेल. मोठ्यानं "पड" म्हणायचं तेवढं बाकी होतं.

फुलं काही पडेनात. ऊन चढलं. उजवं हललं नाही, डावं हललं नाही. यमुना माझ्या मागे पदर तोंडाला लावून उभी होती. शेवटी कौसल्याबाई उठल्या, गुडघे झाडले आणि म्हणाल्या, "चला. चालते."

"पण ती हो म्हणाली नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. मी अशी वेडी.

"नाही तरी कुठं म्हन्लं? तिले का एवढंच काम आहे? जे तिनं सोडलं ते माझ्यावर सोडलं."

त्याच दिवशी त्यांनी तेल्याकडून घाण्याचं ताजं जवसाचं तेल आणलं. भाजी चुलीवरून उतरली, ओसरीच्या कडेला आणून ठेवली, तिची वाफ जाईपर्यंत थांबल्या, आणि मग स्वतःच्या हातानं पळीभर तेल वरून सोडलं. कान पातेल्याशी नेऊन ऐकलं. आवाज झाला नाही. मग यमुनेला म्हणाल्या, "खाय."

दरेकसा

आता थांबून उपयोग नव्हता. पोटाला त्याचं काम करायला वेळ द्यायला हवा. रोज बोटं दाखवून पोरीचा जीव मेटाकुटीला आणण्यापेक्षा मी दादाबरोबर पुढचा मुलूख पाहायला निघाले.

गोंदियात उतरलं की आपली मराठी पिशवीत ठेवावी लागते. हमालापासून हलवायापर्यंत सगळे हिंदी. मी माझ्या मुंबईच्या हिंदीत तांदळाच्या गिरणीचा रस्ता विचारला, तर दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाईजी, आप मराठी में ही बोलिए, वो हम जल्दी समझेंगे." दादाला हे मला चिडवायला वर्षभर पुरेल.

तिथून दरेकशाला गाडी जाते तेव्हा रान दोन्ही बाजूंनी रुळांच्या इतकं जवळ येतं की खिडकीतून हात काढायची भीती वाटावी. स्टेशन एवढंसं. पण बाहेर पळसानं जो जाळ लावला होता त्याला तोड नाही. आमच्या किनाऱ्यावर असा लाल रंग फक्त सूर्य बुडताना दिसतो, आणि तोही थोडा वेळ. मोहफुलं नुकतीच पडायला लागली होती. पहाट फुटताच अख्खी कुटुंबं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. मीही वेचायला बसले, आणि गोड लागतात म्हणून वेचतानाच इतकी खाल्ली की ती डोक्यात चढली आणि दुपारभर दादाला मला उन्हातून घेऊन हिंडावं लागलं. तिथली एक गोंड बाई हसून लोटपोट झाली. याच झाडाच्या बीचं तेल काढतात, त्याला टोरीचं तेल म्हणतात. तिनं मला त्यात तळलेली मोठी पुरी खायला दिली. वास उग्र, चव बरी. मी ती खाताना मात्र चर्र असा आवाज कानात येत होता, आणि मन बोदलकशाच्या ओसरीवर होतं. शास्त्र चुकणार नाही याची मला खात्री होती. पण यमुना लवकर बाळंत झाली तर? शास्त्राच्या आधी मूल आलं तर? ही भीती मी दादालाही सांगितली नाही.

पुन्हा बोदलकसा

दहा-बारा दिवसांनी परतताना गावाच्या अलीकडे खासराचं चाक ओल्या बांधीत रुतलं. गाडीवान एका बाजूनं, दादा दुसऱ्या बाजूनं, आणि मी उगाच मधे. चाक निघालं, पण उजेड संपत आला होता. कौसल्याबाईंच्या दारी पोचलो तेव्हा सूर्य टेकडीआड गेलेला, आणि दिवे अजून लागायचे होते. तलावावर जो करडा उजेड उरतो तेवढाच काय तो.

कौसल्याबाई दिव्याची वात सरळ करत ओसरीवर बसल्या होत्या. लहान्याच्या खपल्या पडल्या, आंघोळ झाली, हे त्यांनी मला उतरू न देताच सांगितलं. "तुमचा शेवार कवाच सरला. आता नुसती लाखोरी अन् तेल चालू आहे." मी पायऱ्या चढले. यमुना दारात उभी होती. मी हात वर करून बोटं दाखवणार, तेवढ्यात तीच पुढे आली. भिंतीला हात न लावता आली.

"बाई," ती म्हणाली, "गालाले वंगन लागलं ना तुमच्या."

मी उभीच राहिले. "कुठल्या गालाला?"

"डाव्या. अन् कानाच्या पारीले बी आहे थोडंसं."

मी दादाकडे वळून पाहिलं. त्याला अंधारात माझा गालच नीट दिसत नव्हता, वंगण कुठलं! कौसल्याबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्या सुनेकडे पाहत होत्या. मग एकदम, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंग रातचं लेकरू बी तूच घे बाई आपलं. माझी झोप तरी होईन."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. यमुनेनं पदराचं टोक ओसरीवरच्या लोट्यातल्या पाण्यात बुडवलं आणि ती माझा गाल पुसू लागली. वंगण ओल्या पदरानं निघत नाही, हे रसायनशास्त्र शिकवणारीला कोणी सांगायला नको. पण मी गाल तसाच पुढे करून उभी राहिले.